तक्रारीची खिडकी

"माझ्या मोरीत पुन्हा गटाराचं पाणी वर आलंय, आणि वॉर्ड ऑफिसची तक्रारीची खिडकी कायमची बंद!" मावशी दारातूनच म्हणाली. बोलण्यात राग होता, चेहरा मात्र खुललेला. "तुला सारखा त्रास नको म्हणून मीच गेले होते. बाहेर कागद लावलाय. कुणीतरी मोठ्याने वाचला. एका संशोधक बाईंच्या अहवालावरून ठरलं म्हणे, आणि त्यात चक्क तुझं नाव! मी सगळ्यांना सांगितलं, ही माझी भाची. आईमागे मीच वाढवलीय."

भाचीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

लोकप्रशासन हा तिचा विषय. शहरात मोबाइल कुणाला वापरता येतो, कुणाला नाही, आणि त्यापायी कुणाचं गाऱ्हाणं पालिकेपर्यंत पोचतच नाही, यावर तिने उमेदीची वर्षं घातली होती. निष्कर्ष गोड निघाला: म्हातारी माणसंही आता अ‍ॅपवर स्वतः तक्रार नोंदवतात. मग खिडक्या हव्यात कशाला, असं आयुक्तसाहेब म्हणाले आणि तिने मान डोलावली. मान डोलावणारे विद्वान साहेबलोकांना फार आवडतात.

"ते असू दे. तू आपलं नेहमीसारखं टाक बाई त्याच्यात," मावशीने स्वतःचा फोन पुढे केला. "घरभर घाण सुटलीय. जेवण जात नाही."

भाचीने अ‍ॅप उघडलं. मावशीचं नाव, वय, पत्ता सगळं भरलं. शेवटी प्रश्न आला: 'ही तक्रार तुम्ही स्वतः नोंदवत आहात का?' अभ्यासासाठी हा प्रश्न तिनेच घालायला लावला होता. 'नाही' म्हटलं की मदत करणाऱ्याची माहिती विचारणारं लांबलचक पान उघडायचं. सवयीने तिचा अंगठा 'हो'कडे गेला आणि तिथेच थबकला.

दर वेळी तिने 'हो'च दाबलं होतं. कंटाळा, दुसरं काय! प्रश्न घालणारीच असं करते, तर गावभरच्या मुलांनी, सुनांनी, शेजाऱ्यांनी काय वेगळं केलं असेल? ज्या हुशार म्हाताऱ्यांच्या जिवावर तिने सभेत टाळ्या घेतल्या, त्यांत ही मावशीही होती. आलेला फोन घ्यायचा कसा, एवढंच तिला येत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भाचीला स्वतःची शरम वाटली.

"काय ग, अडलं काही?"

"मावशी, खिडकी माझ्यामुळे बंद झाली." मग तिने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता.

मावशीने गार झालेला चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मग सांग की तुझ्या साहेबाला."

"सांगितलं तर अहवाल कचऱ्यात जाईल. पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही मला."

"आणि मी त्या बंद खिडकीपुढे मिरवून आले त्याचं काय?" मावशी म्हणाली. "माझ्यामागे एक आजोबा होते, काठी टेकत आलेले. म्हणाले, भाचीला सांगा, आमच्याही नळाचं बघ म्हणावं. मी 'सांगते' म्हटलं. तुझ्या भरवशावर."

भाचीने 'नाही' दाबलं. उघडलेल्या पानावर स्वतःचं नाव लिहून तक्रार पाठवली. मग आपला फोन घेऊन साहेबांना लावला. पलीकडे रिंग वाजत होती, आणि मावशी तिच्याकडे बघत नव्हती.