काठी माजी हाय

नेकनूरच्या वरच्या अंगाला, आमच्या माळावर, सकाळ एकाएकी येत नाही. आधी लिंबाच्या शेंड्यावरची काही पानं काळ्याची करडी होतात आणि बराच वेळ तशीच राहतात. पुढे जावं की नाही हे उजेडाचं अजून ठरलेलं नसतं. मग तो पत्र्याच्या कडेवर उतरतो. तिथून रांजणाच्या ओल्या काठावर, तिथून काट्यांच्या कुंपणावर; एकेका काट्याला क्षणभर स्वतःची वेगळी सावली मिळते. मेंढवाड्यात रात्रभर पडलेला काळा ढीग हळूहळू सुटा होत जातो : ही पाठ, ते शिंग, तो हललेला कान. चुलीचा धूर त्यात मिसळला की उजेडाला जणू अंग येतं. सर्वांत शेवटी तो दाराच्या फटीतून आत येतो, सारवलेल्या भुईवर बोटभर रुंदीची पट्टी ओढतो, आणि ती पट्टी सरकत सरकत कोपऱ्यात माझ्या पायाशी येऊन थांबते. या उजेडात नवल काही नाही. तो रोज येतो, म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

मित्रांनो, त्या कोपऱ्यात उभी असलेली जुनी काठी म्हणजे मी. भरीव वेळूची, खांद्याएवढ्या उंचीची, मेंढरं राखणाऱ्या सटवाआबांची.

आबांच्या वडिलांनी मला वेळूच्या बेटातून तोडून आणलं, शेकोटीवर शेकून सरळ केलं आणि करडईचं तेल इतकं पाजलं, की पुढे उन्हापावसाची मला भीती राहिली नाही. लोहारानं पायात लोखंडी शेंबी बसवली. त्यानंतरचं माझं सारं आयुष्य आबांच्या खांद्यावर गेलं. मानेमागे मला आडवं टाकायचं, दोन्ही हात माझ्यावरून सैल सोडायचे आणि कळपामागे चालायचं, अशी त्यांची रीत. जमिनीला मी क्वचितच टेकत असे.

माझं कौतुकही पुष्कळ झालं. एकदा बाजारात एक म्हैसवाला म्हणाला, "सटवा, काय घेतूस बे ह्या काठीचं?"

"घरधनीण ने, काठी न्हाई द्यायचा," आबा म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी सारजाबाई ताडकन म्हणाल्या, "न्या वो मला. म्हशीमागं निदान सावलीत तरी बसाया मिळंल!"

पुढे माळ कुंपणांत गेले, कळप लहान झाला, आबा थकले. मी दिवसचे दिवस कोपऱ्यात राहू लागले. अंगावर धूळ बसली. कोणी हात लावत नाही याचं दुःख काठीलाही होतं. पण ते सांगण्यासाठी मी आज बोलत नाही.

एका तिन्हीसांजेला आबा मेंढवाड्याकडे निघाले आणि वाटेतली मोरी ओलांडण्याआधी त्यांनी मला पुढे करून जमीन चाचपली. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी मला काही विचारलं होतं. मी खाली टेकले, आणि मला कळलं, की आबांच्या डोळ्यांतला उजेड चालला आहे.

दुसऱ्या कोणाला कळण्याचं कारण नव्हतं. मेंढरं ते पाठीवर हात फिरवून ओळखत, कोकरू आवाजावरून. पण एके दिवशी पंडित पाटलांच्या विहिरीजवळ आबांनी हात जोडले. "राम राम पंडितराव! कावून बोलंना आज?"

सारजाबाई हसू लागल्या. "अवो, धोतर हाय त्ये. वाळाया टाकल्यालं."

"ठावं हाय मला. थट्टा केली."

सारजाबाईंचं हसू मधेच थांबलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून त्या आबांच्या पुढे चालू लागल्या आणि वाटेतल्या वस्तूंना मोठ्यानं शिव्या घालू लागल्या. "मेला धोंडा, हितंच पडलाय!" "ह्यो खड्डा कवा बुजायचा न्हाई!" लोकांना वाटे, म्हातारी चिडखोर झाली. आबा मात्र धोंडा टाळत, खड्डा ओलांडत, आणि त्यावर दोघांत एक शब्दही होत नसे.

आबांनी हे का लपवलं, तेही मला ठाऊक आहे. शेजारच्या वस्तीवरच्या उत्तरेश्वराची नजर गेली, तेव्हा त्याच्या मुलांनी एका बाजारात सारा कळप विकला. मुलं वाईट नव्हती, काळजीनंच त्यांनी तसं केलं. पण उत्तरेश्वर त्यानंतर ओट्यावर बसून रिकाम्या मेंढवाड्याकडे तोंड करून असे. नजर गेली असं म्हटलं, की मेंढरं जाणार. आबांच्या मनात हे एवढंच घट्ट बसलं होतं.

अशात त्यांची लेक उज्ज्वला पुण्याहून आली. ती तिथे बँकेत नोकरीला आहे. तिनं मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटीची तिकिटं काढली होती.

"जल्मभर दुसऱ्यांच्या रानातनं हिंडलात," ती म्हणाली. "आता चार दिवस बसून हिंडा. पायाखालचं रानच चालंल, तुमी न्हाई."

"आन मेंढरं?" आबांनी विचारलं.

"वस्तीवरचा सोमनाथदादा बघतो म्हणलाय. आई, तुला समुद्र बघायचाय ना?"

"टीवीत बघितलाय की," सारजाबाई म्हणाल्या; पण त्याच दुपारी त्यांनी ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकलं.

बंदरावर सामान तपासणाऱ्या माणसानं मला अडवलं. "काठी आत नेता येणार नाही, आजोबा. चालायला लागत असेल तरच."

किती सोपा प्रश्न होता! 'लागते' एवढाच शब्द. पण आबा ताठ झाले. "मला कशाला लागती? कोसभर अजून एका दमात जातो मी."

त्या माणसानं मला घ्यायला हात पुढे केला. आबांची मूठ सुटेना. मूठ खरं बोलत होती आणि तोंड खोटं. तेवढ्यात सारजाबाईंनी मला आबांच्या हातातून ओढून घेतलं.

"काठी माजी हाय. माजा गुडगा दुखतोय," त्या म्हणाल्या, आणि लंगडत पुढे चालू लागल्या.

"आई! कवापासनं?" उज्ज्वला धावली.

"लई दिस झाले. तुला कशाला सांगायचं?"

बोट म्हणजे पाण्यावर उभं केलेलं गावच होतं. सारजाबाई मला टेकत लंगडत पुढे, आणि 'आधार द्यायला' म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून आबा मागे. "दारात कशाला येवडा उंबरा घातलाय मेल्यांनी!" सारजाबाई ओरडत, आणि आबा नेमका पाय उचलत. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "शिका जरा. बघा, कसे सांभाळताहेत बायकोला."

आबांना ते ऐकू आलं. ते हसले नाहीत. खांद्यावरचा त्यांचा हात किंचित जड झाला. ते वजन सारजाबाईंच्या तळव्यातून माझ्यापर्यंत पोचलं.

पण सर्वांत वरच्या मजल्यावर जाणारा जिना उज्ज्वलेनं आईला चढू दिला नाही. समुद्र चहूबाजूंनी दिसतो तो तिथून. "असल्या गुडघ्यानं कशाला जिना चढतीस? बस हितंच." सारजाबाई खालीच जाड काचेआड बसून राहिल्या. काचेतून जेवढं निळं दिसे, तेवढं त्या आबांना सांगत : "पाणी हलतंय. चिकार हलतंय. आता लांब एक होडी हाय."

"दिसतीय मला," आबा म्हणत.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी काठी असेल, तर कधीतरी तिच्याकडे नीट पाहा. ती कोणाच्या हातात आहे, खांद्यावर असायची ती भुईला कधीपासून टेकू लागली, हे पाहा. म्हातारी माणसं तोंडानं फार थोडं सांगतात. कोणी प्रेमानं विचारावं, आणि विचारून झाल्यावर त्यांचं काही हिरावून घेऊ नये, एवढीच त्यांची आशा असते. तेव्हा मला वाचा असती, तर त्या बोटीवर मी केव्हाच ओरडून सांगितलं असतं.

गोव्याचा किनारा जवळ आला, तेव्हा उज्ज्वला चाकाची खुर्ची घेऊन आली. "बस आई. आन ऐक, पुण्यात डॉक्टरांशी बोलले मी. ऑपरेशन करून टाकू. गुडघा बदलतेत."

ज्यांनी सारं आयुष्य पायी काढलं, त्या सारजाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. मग त्या बसल्या आणि मला त्यांनी मांडीवर आडवं घेतलं. "करू," त्या म्हणाल्या. "तू म्हणतीस तर करू."

उज्ज्वला खुर्ची ढकलत निघाली. आबांच्या हाताखालचा खांदा निघून गेला होता. भोवताली माणसं हसत होती, कुठेतरी गाणं लागलं होतं, आणि आबा त्या रुंद फळ्यांवर, हात अर्धवट पुढे धरून, जागच्या जागी उभे होते.

"आबा, या की! उतरायचंय," उज्ज्वलेनं हाक मारली.

आबा हलले नाहीत. सारजाबाईंची बोटं माझ्यावर आवळली. उठावं, की लंगडेपण राखावं, हे त्या बोटांना कळत नव्हतं.

"पोरी," आबा म्हणाले, "तिला कापू नका. धडधाकट हाय ती. वर ने तिला, समुद्र दाव."

"मग गुडघा?"

"गुडग्याला काई झालं न्हाई तिच्या." आबांनी हात आणखी थोडा पुढे केला. "काठी माजी हाय. मला दिसत न्हाई."