चिडीचूप काकांचं बोट

रक्त धुवायच्या यंत्राला माणूस एकदा जोडला, की त्याची गत दावणीच्या म्हशीपेक्षा वाईट. म्हैस निदान शेपटी तरी हलवते. आम्ही तेच तेच चेहरे त्याच त्याच पलंगांवर आडवे पडतो आणि छताकडे बघत अर्धा दिवस काढतो. थकवा असा, की अर्धी जांभई आज द्यावी, उरलेली पुढच्या खेपेला.

अशा खोलीत फोन मोठ्याने लावायची कुणाची छाती नव्हती. कारण माझ्या शेजारच्या पलंगावरचे चिडीचूप काका. जन्मभर सिनेमागृहात बॅटरी घेऊन अंधारात बोलणाऱ्यांना गप्प केलेला माणूस. बॅटरी गेली, बोट उरलं. ते ओठांवर गेलं की भलेभले फोन मान टाकत. एकदा पोस्टातल्या बाईच्या फोनवर तिच्या सासूबाई खोलीभर घुमल्या. काकांनी नुसतं बघितलं, तर पलीकडे सासूबाईच गप्प झाल्या. तिच्या नवऱ्याला ते अजून खरं वाटत नाही. इअरफोनही चालत नसत. त्यातून पाझरणारी किरकिर काकांना पार दारापासून ऐकू येई. त्यामुळे ते आणणंच सगळ्यांनी सोडलं होतं.

त्या दिवशी काकांचाच फोन थरथरला. वाचून त्यांनी तो मुकाट्याने माझ्यापुढे धरला. लेकीचा निरोप होता. तिच्या लग्नावरून बिनसल्यापासून बापलेकीत शब्द नव्हता, हे सगळ्या खोलीला ठाऊक. ती इथल्या स्टेशनवर उतरली होती. सांगायचं ते तिनं आवाजात बोलून, रेकॉर्ड करून पाठवलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘तुम्ही कधीच पुरतं ऐकून घेतलं नाहीत. आधी ऐका, मग बोला. ऐकलंत की मला इथं फोनवर खूण दिसते. नाही तर परतीची गाडी उभीच आहे.’

‘‘मग लावा की,’’ मी म्हणालो.

काकांनी फोन उलटसुलट केला. पडून पडून त्याचा कानाशी बोलायचा आवाज गेलेला. आता तो बोलायचा तो स्पीकरवर, चव्हाट्यावरच. उठून बाहेर जावं, तर हात यंत्राला जोडलेला. सिस्टरला विचारलं, तर मध्येच सोडता येणार नाही म्हणाली.

‘‘सगळ्यांसमोर कसं लावू?’’ काका म्हणाले. ‘‘ती काय काय बोलली असेल. आणि नियम माझाच.’’

त्यांनी फोन छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. एवढा दमलेला माणूस मी आरशातसुद्धा पाहिलेला नाही.

समोरच्या पलंगावरच्या बेकरीवाल्याने हे सगळं ऐकलं होतं. त्याने उशीखालून फोन काढला आणि मॅचची कॉमेंट्री लावली, पूर्ण आवाजात. काकांचं बोट सवयीनं वर उठलं. तेवढ्यात पोस्टातल्या बाईनं रडारड असलेली मालिका लावली. मी बातम्या लावल्या. कोपऱ्यातल्या टॅक्सीवाल्याने तर हॉर्नच्या आवाजांचा संग्रह काढला. माणसं कशाकशाचा संग्रह करतात. सिस्टरनं कपाळावर हात मारला आणि भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज वाढवला. असा गोंगाट, की खिडकीवरचा कावळा कानावर पंख धरून उडाला. कसा उडाला ते मला विचारू नका.

त्या कल्लोळात काकांनी फोन कानाला चिकटवला. लेक काय बोलली, ते मला कळलं नाही. शेजारी असून एक अक्षर कळलं नाही, हे माझ्यासारख्याला कबूल करणं सोपं नाही. काकांनी पुरतं ऐकलं, मग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

त्यांनी फोन तोंडापाशी नेला, तसे आमचे फोन आपोआप बंद झाले.

‘‘ऐकलं गं सगळं,’’ काका म्हणाले. ‘‘ये. मी इथंच आहे, बांधलेला. जाणार कुठं?’’

ती आली. स्टुलावर टेकते न टेकते, तोच तिच्या पिशवीतला फोन बँडबाजा लागल्यासारखा वाजला. सगळी खोली काकांकडे बघू लागली. बोट उठलं, ओठांपर्यंत गेलं, क्षणभर थबकलं, नाक खाजवून खाली आलं.