सुकलं का, मिस्त्री?

“अहो मिस्त्री, हे लाल काय पडलंय?”

आजींचा आवाज आला तेव्हा मिस्त्री सिंकच्या कडेच्या फटीत भरलेला जुना सिलिकॉन पात्याने खरवडत होते. त्यांनी खाली पाहिलं. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी ओट्यावर रक्त सांडलं होतं. कुणाचं, हेच त्यांना आधी समजेना. मग डाव्या हाताकडे नजर गेली. तर्जनीचं पेर चांगलं चिरलं होतं आणि ह्या भल्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता.

“अगं बाई!” आजी म्हणाल्या. “एवढं कापलं, दुखलं नाही तुम्हाला?”

“कामाच्या नादात कळलं नसेल,” मिस्त्री म्हणाले आणि बोटावर फडकं गुंडाळू लागले. आवाज नेहमीचाच ठेवला होता.

कामाचा नाद कसला आलाय! शुगरने बोटांची टोकं केव्हाच बधिर करून टाकली होती. चहा गरम आहे की गार, हे मिस्त्री आता ओठाला लावून ठरवत. दुसऱ्या कुणाचं एक वेळ चाललं असतं, पण हा माणूस दगड घोटणारा. खरखर, खळगा, ओल, सगळं जन्मभर ज्या बोटांनी ओळखलं तीच ऐन वेळी फितूर झाली. घरी बायकोलासुद्धा त्यांनी अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने रडून घर डोक्यावर घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवसापासून काम बंद. काम बंद करून मग खायचं काय, वारा?

त्यात आजचं काम साधंसुधं नव्हतं. ह्या घरची सून घरं भाड्याने द्यायचा धंदा करायची. सगळीकडे असेच पांढरे ओटे. सकाळी बाहेर पडताना ती म्हणाली होती, “हा ओटा मनासारखा झाला ना मिस्त्री, तर बाकीचे सगळे तुमचेच.” मिस्त्री तेव्हापासून मनातल्या मनात त्या सगळ्या स्वयंपाकघरांतून फिरत होते.

ओटा बिघडवला होता आजींनी. लिंबाच्या फोडी दगडावर तशाच ठेवून त्या फोनवर बहिणीशी बोलत बसल्या, आणि लिंबाने दगड खाल्ला. पांढरे फटक, चमक गेलेले डाग. सुनेने आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाली, “आई, तुम्ही ओट्याला हात लावू नका बरं.” त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं! तेव्हापासून आजी भाजी चिरायच्या ती मांडीवर ताट घेऊन, आणि पाण्याचा पेलासुद्धा खिडकीत ठेवायच्या.

“पाणी द्या, गार द्या,” मिस्त्री घाईने म्हणाले. “गरम नको, गरमाने डाग बसतो.”

पाण्याने वरचं रक्त गेलं, पण खाली गुलाबी छटा राहिली. जुना लेप काढून, घोटून उघडा केलेला दगड तो. असा दगड पुढे येईल ते पितो. पाणी म्हणू नका, तेल म्हणू नका.

“जखमेवर लावतात ते फेसाळणारं औषध आहे का हो घरात?”

आजी लगबगीने बाटली घेऊन आल्या. मिस्त्रींनी कापूस भिजवून डागावर ठेवला. कडेने बारीक फेस आला. दोघंही वाकून बघत राहिली.

“निघेल ना?”

“निघायला पाहिजे.”

“तिला सांगू नका,” आजी हळूच म्हणाल्या. “आणि निघाला नाहीच, तर माझ्या नावावर टाका. एवीतेवी मी बदनामच आहे.”

मिस्त्रींना हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. पण हो, आजी असं म्हणाल्या तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला होता, हे खोटं कशाला बोला?

डाग बराचसा गेला. बराचसाच. धुऊन, पुसून, बॅटरी आडवी धरून ते बघत होते, तेवढ्यात कुलूप वाजलं. सून आत आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि थेट ओट्यापाशी गेली.

“वा! काय चमकतोय!” ती म्हणाली. मग सिंकजवळ थबकली. “आणि हे पिवळट काय? सकाळी हे नव्हतं.” ती वळली ती मिस्त्रींकडे नाही, सासूकडे. “आई, आता काय सांडलंत?”

आजींचा चेहरा एवढासा झाला. “अगं, ते माझ्याकडून...”

आता नुसतं गप्प बसायचं होतं. खोटंही बोलायचं नव्हतं. दोन क्षण फडक्याशी चाळा केला असता तरी वेळ निभावून गेली असती. मिस्त्रींना ते सगळे पांढरे ओटे दिसले, आणि समोर उभ्या असलेल्या आजीही दिसल्या.

“आजींनी काही केलं नाही,” ते म्हणाले. “माझं बोट कापलं. रक्त आहे ते. मला कळलंच नाही. बोटं बधिर झालीत माझी.”

सांगून झालं. बायकोला जे सांगितलं नव्हतं ते परक्या स्वयंपाकघरात सांगून झालं.

सून त्यांच्या हाताकडे बघत राहिली. “मग काम कसं जमतं तुम्हाला?”

“चमक डोळ्यांनी बघतो. ओल मात्र दिसत नाही.”

“हं.” तिने पर्स पुन्हा खांद्याला लावली, उगाचच. “बाकीच्या घरांचं... मी कळवते तुम्हाला.”

‘कळवते’ म्हणजे काय, ते मिस्त्रींना आयुष्यभराच्या धंद्याने शिकवलं होतं. त्यांनी मान हलवली.

“हा तरी पुरा होईल ना?”

“होणार तर! सुकला की सीलर लावतो, वरचा नवा लेप. ओल्यावर लावला तर आत साय धरल्यासारखं पांढरं होतं, मग निघता निघत नाही.” बोलता बोलता त्यांनी सवयीने हात पुढे केला आणि मागे घेतला. “आजी, तुम्ही जरा हात लावून सांगता का?”

आजींनी सुनेकडे पाहिलं. सून बाजूला सरकली. तेव्हा आजींनी हात स्वच्छ पुसला आणि पुरा तळवा दगडावर टेकवला.

“इकडे सुकलंय,” त्या म्हणाल्या. “इथे गार लागतंय अजून.”

“मग थांबू या.”

मिस्त्रींनी सीलरच्या बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि स्टूल ओढून बसले. आजींचा हात सावकाश ओट्यावरून फिरत होता. मिस्त्री स्वतःचे हात मांडीवर ठेवून, त्या काय सांगतात याची वाट बघत राहिले.