नवमीचा पाना

कमलाकांतने तो ट्रक माझगावच्या भंगारातून आणला तेव्हा गिरगावातल्या त्याच्या वाडीने त्याला वेड्यात काढलं. लढाईत वापरून सरकारने विकून टाकलेलं ते धूड. टायर फाटलेले, आत घुशींनी संसार थाटलेला. आठवडाभर हापिसात खर्डेघाशी करणाऱ्या माणसाने रविवारी निदान पत्ते तरी कुटावेत. हा कोपरापर्यंत ग्रीस फासून विहिरीशेजारी ट्रकाखाली आडवा.

त्याला साथ होती एकाच माणसाची, बायकोच्या धाकट्या भावाची. हा मनमोहन वरच्या मजल्यावर राहायचा, बँकेत कारकून होता आणि संध्याकाळी दिलरुबा वाजवायचा. इंजिन मनमोहनकडे, चाकं आणि ब्रेक कमलाकांतकडे, अशी त्यांची वाटणी होती. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही आणि केलं म्हणाला की केलं. माणसं खरं बोलतात तोवर हा नियम चांगलाच आहे.

सत्तावन्नच्या दसऱ्याला ट्रक वाडीबाहेर काढायचं ठरलं. अष्टमीच्या संध्याकाळी कमलाकांतने पुढची चाकं बसवली. चाक जॅकवर असताना नट नुसते हाताने फिरवायचे आणि गाडी जमिनीला टेकली की पान्याने जोर लावून आवळायचे, हे त्याला पाठ होतं. डावं चाक आवळून झालं. उजव्याला पाना लावणार तेवढ्यात जेवायची हाक आली.

"भावोजी, नट आवळले ना?" मनमोहनने वरून, गॅलरीतून विचारलं.

"हो रे," कमलाकांत म्हणाला. जेवून येऊन आवळणारच होता, मग उगाच फोड करून कशाला सांगायची?

तो जेवून उठेपर्यंत आईने सगळी हत्यारं गोळा करून, पुसून देवघरात नेली होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी तो आंघोळ करून आला तेव्हा विळी, कातरी आणि हातोडीच्या शेजारी चाकाचा पानाही हळदकुंकू लावून झेंडूच्या फुलांत मांडलेला होता. कमलाकांतने हात पुढे केला.

"आज हत्याराला हात लावायचा नाही रे," आई म्हणाली. "उद्या सीमोल्लंघन झालं की घे."

त्याने हात मागे घेतला. खरं म्हणजे त्याला बरंच वाटलं. पाना कशाला हवा हे सांगायचं तर कालचा 'हो' खोटा होता, हेही सांगावं लागलं असतं. आणि ट्रक आज कुठे हलणार होता?

दुपारी संयुक्त महाराष्ट्र समितीचा रघुवीर धापा टाकत वाडीत आला. संध्याकाळी परळला सभा होती, व्यासपीठाच्या फळ्या गिरगावात पडून होत्या आणि ठरवलेली लॉरी आलीच नव्हती. त्याने ट्रककडे नुसतं पाहिलं आणि मनमोहन चावी आणायला जिन्यावरून वर धावला. बघता बघता सगळी वाडी गोळा झाली. बॉनेटला हार पडला, फळ्या चढल्या, बाजूला समितीचं फडकं बांधून झालं. मनमोहनला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

कमलाकांत उजव्या चाकापाशी उभा होता. त्याने टायरला पाय लावून पाहिला, जसं काही त्याने कळणार होतं. एक वाक्य बोलायचं होतं, बस्स. पण एवढी माणसं जमलेली, बायको सुनंदा औक्षणाचं ताट घेऊन आलेली, आणि पाना देवापुढे. परळ काही लांब नाही. नट अगदीच काही सैल नाहीत.

"बसा ना भावोजी," मनमोहन म्हणाला.

"माझी पूजा राहिलीय. तू हो पुढे." मग दाराला धरून तो म्हणाला, "सावकाश ने, मनू."

एवढं बोलून आपण काळजी घेतली, असंही त्याला वाटलं. माणूस स्वतःची समजूत फार स्वस्तात काढतो.

लालबागच्या पुढे उजवं चाक निखळलं. ट्रक त्या बाजूला कलला, फळ्या घसरल्या. रस्त्यावर कुणाला लागलं नाही, पण मनमोहनचा उजवा पंजा दारात चेंगरला. हात वाचेल, असं परळच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, पण दोन बोटं पुन्हा वळायची नाहीत. दिलरुब्याचा गज धरायचा तो हाच हात.

दसऱ्याला कमलाकांत आणि सुनंदा सोनं घेऊन हॉस्पिटलात गेली. मनमोहनचा हात प्लास्टरात होता. बहिणीने दिलेल्या सोन्यातलंच थोडं त्याने कमलाकांतपुढे धरलं.

"डाव्या हाताने देतोय, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमच्या ट्रकची मी वाट लावली, भावोजी. लोक बघत होते म्हणून जरा जोरात काढला. खड्डा असणार, मला दिसलाच नाही."

मनमोहनने दोन शिव्या घातल्या असत्या तर कमलाकांतला सोसल्या असत्या. ही माफी सोसवेना.

"खड्डा नव्हता, मनू," तो म्हणाला. "त्या चाकाचे नट मी आवळलेच नव्हते. काल सकाळी आवळायला गेलो, पण पाना पूजेत होता. आईने हात लावू दिला नाही."

मनमोहनने प्लास्टरातल्या हाताकडे पाहिलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच तो म्हणाला, आणि त्याने मान भिंतीकडे वळवली.

ट्रामच्या थांब्यापर्यंत सुनंदा दोन पावलं पुढेच चालत होती. वाटेत तिने दोनदा डोळे पुसले. थांब्यावर आल्यावर तिने विचारलं, "पाना पूजेत होता म्हणालात ना?"

"हो."

"त्याच्याच शेजारी विळी होती. काल सासूबाईंनी ती उचलली, नमस्कार केला आणि नैवेद्याचा भोपळा चिरला. दरवर्षी करतात. अडलं असेल तर देवाला सांगून घ्यावं, म्हणतात."

कमलाकांत ट्राम येते का ते बघू लागला.

"सांगायचं तेवढं होतं," सुनंदा म्हणाली. "आणि ती भाजी तुम्ही दोनदा मागून घेतलीत."

ट्राम आली. ती पुढे जाऊन चढली आणि त्याच्यासाठी जागा न धरता खिडकीशी बसली. मनमोहनने डाव्या हाताने दिलेलं सोनं अजून कमलाकांतच्या मुठीत होतं. ते खिशात घालायचा त्याला धीर होईना, टाकायचाही होईना.