धुक्यातला पांढरा दिवा

मित्रांनो, घाबरू नका. मी भूत नाही. मी गाडीच्या तोंडावर बसणारा झेनॉनचा एक जुना दिवा आहे. सध्या माझा मुक्काम मुळशी धरणाच्या काठी, कोंडाजींच्या गोठ्यातल्या फळीवर आहे. गावात लोक माझ्याबद्दल भलतंसलतं बोलतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकलं.

माझा जन्म कारखान्यातला. साध्या हॅलोजन दिव्याच्या पोटात एक तार असते. ती तापते आणि पिवळा उजेड देते. एक दिवस तुटते, की खेळ खलास. माझ्या पोटात तारच नाही. जाड काचेची बारकीशी कुपी, आत झेनॉन वायू आणि चिमूटभर क्षार, आणि समोरासमोर दोन टोकं. सोबत एक डबी असते, तिला बॅलास्ट म्हणतात. ती क्षणभर हजारो व्होल्टचा झटका देते, तशी त्या टोकांमध्ये ठिणगी उडते आणि मग तिथेच जळत राहते. पूर्ण तेजावर यायला मला थोडा वेळ लागतो, पण एकदा आलो की हॅलोजनच्या दुप्पट-तिप्पट उजेड, तोही कमी वीज खाऊन. आयुष्यही कितीतरी जास्त. उजेड भर दिवसासारखा पांढरा, किंचित निळसर. आता सांगा, ताठा का नाही चढणार?

लवासात बंगला घेतलेल्या एका साहेबांच्या गाडीत माझी पहिली वर्षं गेली. तिथे माझ्यापुढे गोल भिंग होतं. ते माझा उजेड रस्त्यावर पाडायचं आणि वरचा भाग कापून टाकायचं, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत काही जाऊ नये. गाडीत मागे वजन पडलं तर एक छोटी मोटर माझी मान आपोआप खाली करायची. पुढे शेजारच्या बंगल्यांची कामं अर्धवट राहिली, साहेब येईनासे झाले आणि गाडी भंगारात गेली. तिथून मला कोंडाजींच्या मुलानं, दिग्विजयनं उचललं. तो पिकअपमधून लवळ्याच्या कॉलेजांतल्या कँटीनना दूध पोचवतो.

"एकच हाय, पण लई पावरफुल हाय," म्हणत त्यानं मला पिकअपला बसवलं. भिंग नाही, मोटर नाही. हॅलोजनच्या जुन्या वाटीत नुसतं खोचलं. दुसऱ्या बाजूला हॅलोजन तसाच राहिला. एक डोळा पांढरा, एक पिवळा! त्या पिवळ्याची मी फार चेष्टा केली, खोटं कशाला बोलू? माझा उजेड मात्र आता दाही दिशांना उधळत होता. समोरून येणारे डोळ्यांवर हात आडवा धरून शिव्या घालायचे आणि दिग्विजय हसायचा.

गेल्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी म्हैस घरी आली, पण तिला आणायला गेलेले कोंडाजी आले नाहीत. धरणावरून धुकं चढत होतं. काठाला चिखल, पुढे एकदम खोल पाणी, आणि कोंडाजींना पोहता येत नव्हतं. दिग्विजयनं आईला, रंभाबाईंना, आणि शेजारच्या हैबतरावांना पिकअपमध्ये घेतलं. गाडी काठाशी उभी केली, कुणी ओ दिली तर ऐकू यावी म्हणून इंजिन बंद केलं, आणि दिवे लावले. मी आधी जांभळा लुकलुकलो, मग भडकलो. समोरचं धुकं नुसतं पांढरंफटक झालं. माणूस काही दिसेना.

हैबतराव कोंडाजींच्या बरोबरीचे. त्यांनी हाकांवर हाका मारल्या, "कोंडाजीऽ, ए कोंडाजी!"

उत्तर आलं नाही. पाण्याचा आवाज आला. कुणीतरी पाण्यात पाऊल टाकत होतं, आणि दर हाकेला तो आवाज लांब जात होता.

रंभाबाईंनी हैबतरावांना अडवलं. "भावजी, गप ऱ्हावा. नाव घिऊ नगा. त्यास्नी चकवा वाटतुया."

मित्रांनो, चकवा म्हणजे वाट चुकवणारं भूत. या गावात म्हणतात, तो धुक्यात पांढरा उजेड दाखवतो आणि माणसाला नावानं हाक मारतो. ओ द्यायची नाही. उजेडाकडे पाठ करायची आणि चालू लागायचं. कोंडाजी तेच करत होते. जीव वाचवण्यासाठी ते माझ्याकडे पाठ करून खोल पाण्यात निघाले होते. मला विझायचं होतं हो. पण दिव्याला आपणहून विझता येत नाही.

"दिग्या, ती पांढरी लाइट बंद कर. पिवळी ऱ्हाऊ दे," रंभाबाई म्हणाल्या.

दिग्विजयनं बॉनेट उघडून माझी पिन उपसली. मी गेलो. मागे राहिला त्या हॅलोजनचा मळका पिवळा उजेड, घरच्या कंदिलासारखा. मग त्या माउलीनं हाक मारली. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही.

"अवं, ऐकलं का? म्हस कवाच घरी आली. तुमी कुटं निगाला?"

पाण्याचा आवाज थांबला. जरा वेळानं जवळ येऊ लागला. कोंडाजी छातीपर्यंत भिजून बाहेर आले. अंगात सदरा उलटा होता. चकव्यावर इथे तोच उपाय करतात. "नावानं बोलवत हुता गं मला," एवढंच म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडले.

दुसऱ्याच दिवशी दिग्विजयनं मला काढलं. वाईट वाटलं, पण त्यानं योग्यच केलं. मित्रांनो, मला लावायचं तर भिंगासकट लावा, मान खाली करून लावा. आपल्याला किती दिसतं ते नंतर बघा. समोरच्याला आपण कसे दिसतो, ते आधी बघा.

एवढंच सांगून थांबणार होतो. पण काल पुन्हा तसंच धुकं पडलं. पिकअप अंगणात उभी होती, दिवे बंद. कोंडाजी वैरण टाकता टाकता गोठ्याच्या दारात थबकले. धरणाकडे धुक्यात पांढरा उजेड दिसत होता, तिकडे बघत राहिले. मग फळीपाशी आले आणि मला हातात घेऊन माझी काच चाचपली. मी गार होतो.

"तू तर हितं हायेस," ते हळूच म्हणाले. "मग तितं कोण हाय?"

पाण्याच्या बाजूनं हाक आली. "कोंडाजीऽ..." तो आवाज हैबतरावांचा नव्हता.

कोंडाजींनी ओ दिली नाही. गोठ्याचं दार लावून घेतलं आणि तिथेच उभे राहिले. घरातून "अवं, जेवायला चला" ऐकू येईपर्यंत त्यांनी मला, ज्याला भिऊन ते पाण्यात शिरले होते त्या मला, छातीशी घट्ट धरून ठेवलं होतं.