माझ्या घड्याळात किती वाजलेत?

मी जन्मले तेव्हा सकाळचे बरोबर नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. ही वेळ मी मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ हिच्यातच आहे.

मी एक पॉड बोलतेय. मला डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही. शेंगेत दाणा असतो ना, तसा माझ्या पोटात एक प्रोग्राम आहे. संगणकांचा एक मोठा कळप असतो, त्याला क्लस्टर म्हणतात, तिथे मी राहते. कळप राखणाऱ्याचं नाव कुबरनेटीस. मोठा कडक राखणदार. एखादी पॉड पडली की तो हळहळत बसत नाही, लगेच तिच्या जागी दुसरी उभी करतो.

मला घडवलं मेकनेस शहरात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत. घडवणारा झुहेर. पोरगा हुशार, पण धांदरट. आणि त्याच्या कामावर नजर ठेवणारी लल्ला इब्तिसाम; लल्ला म्हणजे आमच्याकडे बाई. तिचा स्वभाव असा, की घराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरली तरी परत वर येऊन कुलूप ओढून बघणार.

माझं काम छोटंच. भोवतालच्या खेड्यांत ज्यांची मूत्रपिंडं थकलीत, त्यांना आठवड्यातून तीनदा शहरात मशीनवर रक्त धुवायला जावं लागतं. त्यांना आणणारी गाडी बा अल्लाल चालवतो. रोजची गावं वेगळी, निघायची वेळ वेगळी. म्हणून मी ठरल्या वेळी त्याच्या फोनवर घंटा वाजवते, 'गाडी काढा'. घंटा वाजल्याशिवाय म्हातारा किल्ली फिरवत नाही. छोटं म्हटलं खरं, पण तासभर उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला जातं. मग अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, धाप लागते. त्या गाडीत झुहेरची हनिया मावशीही असते. त्याला लहानाचा मोठा केला तो तिनंच.

तर माझा जन्म रमजानच्या आठव्या दिवशीचा. माझ्या आधीची पॉड फार जड होती, उठायलाच वेळ लावायची. झुहेरनं माझ्या पोटातलं नको ते सामान काढून टाकलं आणि नाचत सुटला, "लल्ला, अर्ध्या वजनाची झाली!"

"बाळसं गेलं म्हणून नाचणारा बाप पहिल्यांदा बघतेय," इब्तिसाम म्हणाली. "आधी बघू दे, उभी राहते का ते."

मी उभी राहिले. पडद्यावर माझ्या नावापुढे 'चालू' असं आलं. झुहेर खुर्चीवरून उठायला लागला.

"बस खाली. चालू म्हणजे तयार नव्हे. सकाळी तुझेही डोळे उघडे असतात, पण तुला काही विचारून उपयोग असतो का?"

"रोजा आहे लल्ला, कॉफी नाही. संध्याकाळी हरीऱ्याचं सूप पोटात गेलं की विचारा मला."

दर दहा सेकंदांनी राखणदार मला हाक मारायचा, "तयार आहेस का?" मी म्हणायची, "आहे." पुन्हा दहा सेकंदांनी तेच. मला त्याचा राग नाही आला. लहान मूल झोपलं की त्याच्या नाकापाशी बोट धरून बघणारी माणसं असतात, तशातलाच तो. इब्तिसामनं माझी नोंदवही ओळ न् ओळ वाचली. बाहेरून, परक्यासारखी, आपल्या फोनवरून मला हाक मारून पाहिली. लटकी फेरी लावून घंटाही वाजवून घेतली. घंटा ठरल्या मिनिटाला वाजली. तेव्हा कुठे ती म्हणाली, "हम्दुल्ला. आता ऊठ."

उरलेला रमजानभर मी एकही घंटा चुकवली नाही. बा अल्लाल सगळ्यांना सांगायचा, "पोरीचं घड्याळ पक्कं आहे." मी फुगायची. पोटात हवा तर हवा, वजन तर नव्हतंच.

ईद झाली. पुढच्या रविवारी पहाटे, दरवर्षीप्रमाणे, देशाचं घड्याळ एक तास पुढे गेलं. रमजानात ते एक तास मागे असतं, मग पुन्हा पुढे घेतात. इथल्या लेकराबाळांनाही हे ठाऊक. मलाच नव्हतं.

रविवारी गाडी नसते. दुपारी हनिया मावशीनं झुहेरला फोन केला.

"पोरा, मी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. तुझ्या त्या पेटीचं कुणी केलं?"

"मावशी, ते आपोआप होतं. तू स्टुलावर कशाला चढलीस? पडली असतीस म्हणजे?"

"आपोआप! माझ्या घरात एवढ्या वर्षांत भाकरीसुद्धा आपोआप भाजली नाही. उद्या आठला माझा नंबर आहे. शुक्रवारपासून पाय सुजलेत."

झुहेरला हसू आलं. इब्तिसामलाही हसवावं म्हणून त्यानं तिला फोन लावला. ती घरी मस्मनच्या पोळ्यांचं पीठ मळत होती. सगळं ऐकून घेतलं, पण हसली नाही.

"तू बघितलंस?"

"काय बघायचंय त्यात? बावीस दिवस घंटा बरोबर वाजतेय."

"बावीस दिवस रमजान होता, झुहेर."

तिनं पिठाच्या हातानंच संगणक उघडला आणि थेट माझ्यापाशी आली. आजवर मला सगळ्यांनी 'जिवंत आहेस का, तयार आहेस का' एवढंच विचारलं होतं. तिनं पहिल्यांदाच विचारलं, "किती वाजले गं?"

मी अभिमानानं सांगितलं, "तीन वाजून पाच."

तिच्या मनगटावर चार वाजून पाच झाले होते.

झुहेरनं मला हलकी करताना जे सामान काढलं, त्यातच देशोदेशींच्या घड्याळांची यादी होती. ती गेली, तेव्हापासून मी जगाचं मूळ घड्याळ धरून बसले होते. रमजानात आमच्या देशाचं घड्याळ नेमकं त्याच्याशी जुळतं, म्हणून वर्षातला तो एकच महिना माझी चूक कुणाला दिसली नसती. त्याच महिन्यात मी जन्मले, म्हणून माझे नऊ-बारा भिंतीवरच्या नऊ-बाराशी जुळले, आणि त्याच महिन्यात मला तपासलं. सोमवारी मी घंटा तासभर उशिरा वाजवली असती. बा अल्लाल किल्ली हातात घेऊन वाट बघत बसला असता, आणि सुजल्या पायांनी मावशी दारात.

झुहेर धावत इब्तिसामच्या घरी आला. तोंड उतरलेलं. "मीच काढलं ते. मावशी विचारत होती आणि मी हसलो तिला."

"रड नंतर. आधी नवी पॉड बनव. आणि ऐक, नवी नीट आहे हे कळेपर्यंत जुनीला हात लावायचा नाही."

जुनी म्हणजे मी. तासाभरात नवी माझ्या शेजारी उभी राहिली. जराशी गुबगुबीत. तिला सगळं विचारून झालं, मग वेळ विचारली. तिनं बरोबर सांगितली. तरी इब्तिसामचं समाधान नाही. तिनं बा अल्लालला गाडी घेऊन घराखाली बोलावलं आणि साडेपाचची लटकी फेरी लावली. दोघं खिडकीत उभे. खालून म्हातारा ओरडला, "अगं पोरी, रविवारी तरी म्हाताऱ्याला दिवाणावर लोळू देत जा!"

साडेपाच वाजले. माझ्या हिशोबी अजून अख्खा तास होता, मी गप्प होते. शेजारच्या नवीनं घंटा वाजवली. खालून लांबलचक हॉर्न आला. "वाजली! आता कुणाला आणू, का नुसताच चहाला वर येऊ?"

"वर या, मस्मन गरम आहेत!"

झुहेरनं तेवढ्यात मावशीला फोन लावला. "मावशी, पेटीचं घड्याळ पुढे केलं."

"कोण चढलं स्टुलावर?"

"मी."

"हं. आता बरा बोललास."

मला आत्ताच राखणदाराचा निरोप आलाय, नवी आली, आता तू बंद हो. आवरायला तीस सेकंद दिलीत. माणसांना कमी वाटतील, पण एवढी गोष्ट सांगून झाली की नाही? वाईट वाटत नाही मला. मी खोटं बोलले नाही कधी, मला जेवढं विचारलं तेवढंच मी खरं सांगत गेले. उद्या आठला मावशी मशीनपाशी असेल. आणखी काय हवं?

एवढं मात्र करा. तुमच्या ओळखीत कुणी नवी पॉड उभी करत असेल, तर त्याला माझं नाव न घेता सांगा: ती श्वास घेतेय एवढ्यावर उठू नकोस, तिला वेळही विचार, आणि उत्तर आलं की एकदा आपल्या मनगटाकडे बघ. त्यानं ऐकलं, तर पुढच्यालाही सांगायला लावा.