सुट्टीचे अकरा दिवस

सहावा दात मेणात बसवून धाकटीने कवळी उजेडासमोर धरली, आणि तोच दात काढून पुन्हा किंचित तिरका लावला. खऱ्या माणसाचे दात इतके शिस्तीत उभे राहत नाहीत. तिची परीक्षा घेत शेजारी उभे असलेले लॅबचे मालक खुर्ची ओढून बसले. त्यावरून काम पसंत पडल्याचं तिच्या लक्षात आलं.

धाकटी सत्तेचाळीस वर्षांची होती. तीन बहिणींत शेवटची, म्हणून लहानपणी हे नाव पडलं ते पडलंच. तेवीस वर्षं एकाच लॅबमध्ये तिने कवळ्या केल्या. ती लॅब बंद पडली आणि गेले आठ महिने ती घरी होती. मागच्या महिन्यात एका ठिकाणी काम जवळजवळ मिळालंच होतं. तिने भाबडेपणाने सुट्टीचं सांगितलं, तिथल्या बाई गोड हसून 'कळवतो' म्हणाल्या, आणि कळवलं मात्र कुणीच नाही.

सुट्टी अकरा दिवसांची होती. मोठ्या बहिणीने वर्षभर आधी समुद्राकाठचं घर ठरवून ठेवलं होतं. लग्नं झाल्यापासून तिघी बहिणी सलग दोन दिवसही एकत्र राहिल्या नव्हत्या, आणि मधलीच्या गुडघ्यांचा आता भरवसा उरला नव्हता. नवऱ्याचं मत असं, की आधी काम पदरात पाडून घे, मग ऐनवेळी सासूबाई आजारी पडल्या म्हणून सांग. सासूबाई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. आजार कोणता ते मला आधी सांगून ठेवा, एवढंच त्या मान वर न करता म्हणाल्या.

"सोमवारपासून येता?" मालकांनी विचारलं.

"येते," ती म्हणाली, आणि बसमध्ये घोकलेलं पुढचं वाक्य तसंच राहून गेलं.

तिने मेणाची सुरी पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. गप्प बसलं तर काम तिचंच होतं. पण मग पाच आठवड्यांनी एक तर बहिणींना तोंड दाखवता आलं नसतं, नाहीतर या माणसाला.

"एक सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात सतरा तारखेपासून अकरा दिवस मी नाहीये. बहिणींबरोबर जायचंय, केव्हाचं ठरलंय. ते मी मोडणार नाही."

शेवटचं वाक्य घोकलेलं नव्हतं. ते आपोआप बाहेर पडलं.

पॉलिशचं मशीन थांबलं. खोलीतले तिन्ही कारागीर माना वळवून बघू लागले. मालकांनी चष्मा काढला, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून तिच्यापुढे ठेवलं आणि पेन्सिल दिली.

"लिहा. तारखा नीट लिहा."

मग ते कारागिरांकडे वळले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. एकवीस वर्षांत या खोलीत कुणी सुट्टी मागितली नाही, ते म्हणाले. इथे माणसं नुसती आजारी पडतात, नाहीतर त्यांचे नातेवाईक पडतात. आपण दवाखान्यांना तारीख देऊन बसायचं, आणि सकाळी कळणार की कुणाचा तरी मेहुणा अंथरुणाला खिळलाय. गेल्या वर्षी एक आजोबा नातीच्या शाळेत तोंडावर रुमाल धरून बसले होते, ते यामुळेच, कवळी वेळेवर गेली नाही म्हणून.

"मी कधी नाही म्हटलंय का कुणाला?"

त्यांनी म्हटलं नव्हतंच. मालक दिवसभर मान खाली घालून काम करत, म्हणून त्यांचा नकार सगळ्यांनी आपल्या मनानेच धरून ठेवला होता.

धाकटी लिहू लागली. तिला इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना.

सगळ्यांत जुना कारागीर हात पुसत उठला.

"पेन्सिल जरा इकडे द्या ताई. पुढच्या महिन्यात माझ्या मेहुण्याला बरं नसणार होतं. आता राहू दे बिचाऱ्याला धडधाकट."

त्याने चार दिवस लिहिले. मग उरलेल्या दोघांनीही लिहिले, एकाने तर दोनदा खोडून. मालकांनी कॅलेंडर हातभर लांब धरून वाचलं. कोण कधी आहे आणि कोण कधी नाही, हे त्यांना पहिल्यांदाच आधी कळत होतं. कॅलेंडर त्यांनी खिळ्यावर अडकवलं, पेन्सिल मात्र हातातच राहिली.

"ताई, समुद्र त्या दिवसांत कसा असतो? पाण्यात उतरता येतं?"

"काय माहीत. आम्हीपण पहिल्यांदाच जातोय."

मालकांनी तिच्या अकरा दिवसांच्या पुढच्या आठवड्यावर पेन्सिल टेकवली.

"मग तिकडून परत आलात की पहिल्या दिवशीच मला सांगा," ते म्हणाले.